दुसऱ्या भागातले दीपगृह

किशोर रामटेके गेल्याचे मला एका सकाळी आमच्या जुन्या कार्यालयातल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समजले. आदल्या दिवशी, धायरीच्या राहत्या घरी, हृदयविकाराचा झटका... इतकेच लिहिले होते आणि त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. ते वाचून माझ्या मनात प्रथम जे आले ते आज सहा आठवड्यांनी लिहितो; लपवून ठेवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. मनात आले, ही बातमी खरी कशावरून? मी लागोपाठ दोघांना फोन करून खात्री करून घेतली. त्यांतल्या दुसऱ्याने विचारले, “अरे, कोणी मेल्याची थाप कशाला मारेल?” मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. दुःख त्यानंतर आले. आधी शंका, मग दुःख, हा माझा जुनाच क्रम आहे, आणि त्याची झळ किशोरइतकी दुसऱ्या कोणाला लागली नसेल.

आम्ही दोघे कोथरूडमधल्या एका लहानशा सल्लागार कार्यालयात नोकरीला होतो. गावोगावच्या पाणीयोजनांचे आराखडे करणे हे आमचे काम. मी पुण्याचाच, किशोर भंडाऱ्याकडचा, अभियांत्रिकी पूर्ण करून इथे आलेला आणि पुण्याला अखेरपर्यंत ‘तुमचं पुणं’ म्हणणारा. आमची टेबले शेजारी-शेजारी होती. नळांच्या व्यासांची आकडेमोड तो ओठांतल्या ओठांत करी, आणि मी पेन्सिल हातात धरून नुसता बसलेला दिसलो की मान न वळवता विचारी, “विचार करून राहिला का झोपून राहिला बे?” त्या ‘बे’चा पहिल्या आठवड्यात मला राग आला होता. महिन्याभरात तो कानावर पडला नाही की चुकल्यासारखे वाटू लागले. एकदा एका टाकीची उंची मी आराखड्यात चुकीची धरली होती. तसेच बांधकाम झाले असते तर वरच्या वस्तीला पाणी चढले नसते. मी जेवायला गेलो असताना किशोरने ती चूक माझ्या कागदावर पेन्सिलीने दुरुस्त केली आणि कोणाला काही बोलला नाही. मला ते कित्येक दिवसांनी अक्षरावरून उमगले. त्या वेळी मी कृतज्ञ व्हायला हवे होते. मी मात्र विचार करत बसलो, याने हे साहेबांना सांगितले कसे नाही? पुढे कधीतरी वापरायला राखून ठेवले असेल का?

तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते. भाड्याच्या दोन खोल्यांत त्याने बुधवार पेठेतून सुटे भाग आणून, स्वतः जोडून संगणक उभा केला होता, आणि त्याच फेरीत एका दुकानातून साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटातली एक सीडी आणली होती. बेटांवर राज्ये वसवायची, जहाजे बांधायची आणि दुसऱ्याची बेटे जिंकायची असा तो खेळ. आज त्या मालिकेचा नववा की दहावा भाग निघाला आहे. त्यातला समुद्र खराखुरा वाटतो म्हणतात. आमच्यापाशी होता तो दुसरा भाग. त्यातला समुद्र म्हणजे निळे चौकोन आणि जहाज म्हणजे नखाएवढे चित्र. आम्ही त्याला नुसते ‘बेटं’ म्हणत असू. तसल्या सीडीबरोबर नियमांची पुस्तिका कुठून येणार? दुकानदाराने सोळा पानांची झेरॉक्स तेवढी दिली होती. सतरावे पान आम्ही कधी पाहिले नाही. पुढचे नियम खेळता खेळता, अंदाजाने, शिकलो... किंवा शिकलो असे समजलो.

संगणक एकच, त्यामुळे एकामागून एक खेळावे लागे. एकाची खेळी चालू असताना दुसऱ्याने गॅलरीत जाऊन, खोलीकडे पाठ करून उभे राहायचे, असे आम्ही ठरवले होते. खेळी संपली की पडदा काळा होई, मग हाक मारायची आणि जागा बदलायच्या. दर रविवारी दुपारच्या जेवणानंतर हे सुरू होई ते चहा दोनदा होईपर्यंत चाले. किशोरच्या पत्नी, सुजातावहिनी, महापालिकेच्या शाळेत गणित शिकवत. त्या जन्माने पुण्याच्याच. उत्तरपत्रिका तपासता तपासता त्या आम्हा दोघांकडे चष्म्यावरून पाहत. “गॅलरीत एक जण कायम असतोच,” त्या एकदा म्हणाल्या, “तर उभ्या उभ्या कपडे तरी वाळत घालत जा.”

त्या खेळात दीपगृह बांधायला मला फार आवडे. पांढरा मनोरा, वर पिवळा ठिपका, आणि बांधून झाला की राज्याची कीर्ती वाढल्याचे चार सूर वाजत. प्रत्येक डावात माझ्या मुख्य बेटावर मी तो सर्वांत आधी उभा करी. किशोर कधीच बांधत नसे. आणि प्रत्येक डावात एकच गोष्ट घडे. माझे आरमार बंदरातून निघाले की किशोरची जहाजे नेमकी वाटेत आडवी येत. मी पाच पाठवली तर त्याची सात, मी नऊ पाठवली तर अकरा. सुरुवातीला मी त्याच्या हुशारीला दाद दिली. मग मोजू लागलो. मग गॅलरीत उघडणाऱ्या दाराच्या काचेकडे माझे लक्ष गेले... पडद्याचे प्रतिबिंब तिच्यात पडत असेल, पाठमोरे उभे राहूनही त्याला दिसत असेल. एका रविवारी माझी खेळी सुरू होण्याआधी मी त्या काचेवर टॉवेल टाकला. डोळ्यांवर ऊन येते, असे म्हणालो. किशोरने टॉवेलकडे पाहिले, मग बाहेर आकाशाकडे.

“उत्तरेकडून ऊन येऊन राहिलं का बे तुमच्या पुण्यात?”

तो हसला, मीही हसलो, पण टॉवेल काढला नाही. गॅलरीत जाता जाता त्याने तो कडेने ओढून नीट सरळ केला, फट राहू नये म्हणून. त्या दिवशीही माझी जहाजे वाटेतच बुडाली.

मग मी दुसरा तर्क केला. बुधवार पेठेतल्या त्या दुकानदाराने त्याला एखादी युक्ती, एखादी गुप्त कळ सांगितली असणार. एक दार बंद झाले म्हणून माझी शंका कधी माघारी गेली नाही; ती दुसरे दार शोधते. पुढच्याच रविवारी, किशोरची खेळी चालू असताना, चहाला दूध नाही असे वहिनींनी आतून सांगितले आणि तो तसाच उठून खाली गेला. पडदा चालू होता. मी गॅलरीतून आत आलो आणि त्याच्या बाजूने समुद्र पाहिला. माझी सगळी जहाजे तिथे दिसत होती, एकूण एक, माझ्या बेटाभोवती उजेडात मांडून ठेवल्यासारखी. मला माझ्या खेळीत त्याचे एकही जहाज दुरून कधी दिसले नव्हते. मी गॅलरीत परत जाऊन पाठ करून उभा राहिलो. आणि कबूल करतो, मला आनंद झाला होता. पुरावा मिळाला होता. अडचण एवढीच, की तो दाखवायचा तर मी काय केले तेही सांगावे लागणार. म्हणून मी त्याला विचारले नाही. तोंडावर विचारले असते तर दोन मिनिटांत सारे मिटले असते, हे आज कळते.

त्याच महिन्यात कार्यालयात एक प्रकार घडला. आम्ही बराच काळ खपून केलेल्या एका योजनेचा आराखडा, थोडे इकडचे तिकडे करून, दुसऱ्याच एका कार्यालयाने आमच्याआधी सादर केला. कागद आमच्याकडून बाहेर गेले हे उघड होते. साहेबांनी मला आत बोलावले. आवाज न चढवता ते म्हणाले, “रामटेके कसा आहे? तुझी त्याच्याकडे ऊठबस आहे म्हणून विचारतो.” ते कागद सहा जणांच्या हातांखालून गेले होते. साहेबांनी सहांपैकी एकाचेच नाव घेतले, हे मला तिथल्या तिथे जाणवले. जाणवले नव्हते असे पुढे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आलो. माझ्या डोळ्यांपुढे तो पडदा आला, उजेडातली ती जहाजे आली. मी म्हणालो, “खात्री देता येणार नाही, साहेब.”

इतकेच. आपण खोटे काही बोललो नाही, असे समाधानही त्यात होते. किशोरकडचे महत्त्वाचे काम काढून घेण्यात आले. आराखड्यांच्या खोलीत त्याने विचारल्याशिवाय जायचे नाही असे ठरले. चार महिन्यांनी त्याने दुसरीकडे नोकरी धरली. साहेबांपुढच्या त्या वाक्यानंतर मी आणखी तीन रविवार त्याच्याकडे गेलो. तिन्ही वेळा मी जिंकलो. माझी जहाजे बंदरातून निघाली ती कोणी न अडवता त्याच्या किनाऱ्याला लागली. मी त्याचाही अर्थ लावला. कार्यालयात अंगाशी आले, म्हणून आता इथेही सावध झाला. चौथ्या रविवारी मी कामाचे निमित्त सांगितले. पाचव्या रविवारी निमित्त सांगावे लागले नाही.

वर्षभराने कळले, की आराखड्यांच्या प्रती ज्या दुकानात काढल्या जात तिथलाच एक माणूस जास्तीची प्रत काढून बाहेर देत होता. मी त्या दिवशी किशोरला फोन करायला हवा होता. केला नाही, कारण माझ्यापाशी अजून तो पडदा होता. कागद त्याने नेले नसतील, पण माणूस लबाड होता हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तेव्हा माझे वाक्य अगदीच चुकीचे नव्हते. त्या एका खेळावर मी माझी निर्दोषता उभी करून ठेवली. पुढे मुलाच्या संगणकावर त्या मालिकेचा पाचवा भाग आला, तेव्हा मुद्दाम बसून तो खेळून पाहिला. सवयीने दीपगृहही बांधले. त्यात एकाची जहाजे दुसऱ्याला दिसत नव्हती. मी निश्चिंत झालो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तीही लिहितो... साहेबांनी त्या दिवशी माझ्या आडनावासारखे आडनाव असलेल्या एखाद्या सहकाऱ्याबद्दल विचारले असते, तर मी काय म्हणालो असतो? त्याला खेळात लबाडी करताना पाहिले असते तरीही, मला वाटते, मी म्हणालो असतो, “छे, तो तसा नाही.” मी स्वतःला पुढारलेला समजत होतो. दोन वर्षे जवळजवळ प्रत्येक रविवारी मी रामटेक्यांच्या घरी जेवलो. किशोर माझ्या घरी दोनदा आला आणि दोन्ही वेळा दारातूनच परत गेला. त्याला आत येऊ नको असे कोणी म्हटले नव्हते. ये असेही म्हटले नव्हते. हे माझ्या लक्षात त्याच्या मरणानंतर आले. त्याच्या लक्षात तेव्हाच आले असणार.

अंत्ययात्रेला जाण्याचे धैर्य मला झाले नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मात्र गेलो. धायरीतल्या एका लहान सभागृहात बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून त्याच्याविषयी बोलला. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि, सांगायला लाज वाटते, तपासतही होतो. कोण किती फुगवून सांगतो आहे ते. त्याच्या नंतरच्या कार्यालयातले एक गृहस्थ म्हणाले, “आमच्याकडच्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या रामटेके सरांपाशी असत.” त्यात तपासण्याजोगे काही नव्हते. निघताना वहिनींसमोर उभा राहिलो. मी नाव सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, “श्रीकांत भाऊजी. बेटांवाले.” आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, “हे यायचे थांबले, म्हणून ती खुर्ची मला मिळाली.”

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणजे नंतर वहिनी खेळत होत्या. गणिताच्या शिक्षिका, नजर अशी, आणि त्यांना त्याची लबाडी कळली नाही? जुने भाग आता नव्या संगणकांवर चालतील असे करून पुन्हा विकले जातात, हे मला शोधल्यावर कळले. मी रीतसर दुसरा भाग घेतला आणि एका दुपारी, घरात कोणी नसताना, दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायला बसलो. दीपगृह बांधल्याचे ते चार सूर ऐकले आणि काही वेळ मला पुढे खेळता आले नाही. मग पाच जहाजे समुद्रात काढली, खेळी संपवली, पडदा काळा झाला. आता किशोरची खेळी. मी कळ दाबली... आणि समोर माझी पाचही जहाजे दिसत होती, अगदी त्या दिवशी दिसली तशी. इथे बुधवार पेठ नव्हती, दुकानदार नव्हता, कुठली गुप्त कळ नव्हती. मी दीपगृह पाडले. जहाजे दिसेनाशी झाली. पुन्हा बांधले, पुन्हा दिसू लागली. तरीही मला वाटले, नव्या आवृत्तीत काही बदलले असेल. सोबत मूळ पुस्तिका होती, आता संपूर्ण. तेविसाव्या पानावर ते एका ओळीत दिलेले होते. दीपगृहाच्या उजेडात आलेले जहाज सगळ्याच खेळाडूंना दिसते. पुढच्या भागांत कधीतरी तो नियम बदलला असणार. मी स्वतः दिवा लावून ठेवत होतो, आणि त्याला दिसते म्हणून त्याच्यावर संशय घेत होतो.

माझ्या निर्दोषतेखाली जे काही होते ते त्या दुपारी गेले. तरी शंका गेली नाही. त्याला हा नियम माहीत होता का? माहीत असून मला सांगितला नसेल, तर तीही एक प्रकारची फसवणूकच... हा विचार माझ्या मनात आला, मेलेल्या माणसाविषयी आला, हेही लिहून ठेवतो. गेल्या रविवारी मी धायरीला गेलो.

वहिनींनी आत घेतले, पाणी दिले. मी दीपगृहाचे विचारले. त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही.

“माहीत होतं की यांना. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीच लक्षात आलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, जहाजं बुडून राहिली तरी पठ्ठ्या दिवा काही विझवत नाही, बघू किती दिवस. तुम्ही नुसतं विचारलं असतंत तर लगेच सांगितलं असतं, भाऊजी. तुम्ही टॉवेल टाकलात.”

मी त्यांना सारे सांगितले. किशोर दूध आणायला गेला असताना पडदा पाहिल्याचे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पाहिलं होतं मी, स्वयंपाकघराच्या दारातून. यांना बोलले नाही. तेवढं एक माझ्यापाशीच ठेवलं.” मग साहेबांपुढचे ते वाक्य सांगितले. त्याचसाठी मी गेलो होतो. ज्याची क्षमा मागायची तो राहिला नव्हता, म्हणून ते त्यांच्यापुढे ठेवले. खाली सोसायटीत कोणी तरी स्कूटर सुरू करत होते आणि ती सुरू होत नव्हती.

“त्यांना ते त्याच संध्याकाळी कळलं होतं,” वहिनी अखेर म्हणाल्या. “तुमच्या साहेबांनीच तोंडावर सांगितलं, तुझा मित्रसुद्धा खात्री देत नाही म्हणून. घरी आले, चपला काढल्या आणि मला म्हणाले, रविवारी श्री येईल, त्याच्यासमोर तू यातलं काही काढू नको. तो स्वतः सांगेल.”

“मी त्यानंतर तीन रविवार आलो होतो.”

“हो. तिन्ही रविवारी हरले हे. तुम्ही गॅलरीतून आत आलात की तुमच्या तोंडाकडे बघायचे. खेळाकडे कुठे होतं लक्ष.”

मी खाली पाहत बसलो. त्या तीन विजयांचा मी लावलेला अर्थ पंचवीस वर्षे माझ्यापाशी नीट घडी घालून ठेवलेला होता... आणि त्याही क्षणी, मान खाली घालून बसलेलो असताना, माझ्या मनात आले, की इतक्या वर्षांपूर्वीचे तीन रविवार कोणाला इतके नेमके आठवतात? वहिनी हे मला बरे वाटावे म्हणून सांगत आहेत, की लागावे म्हणून? उभे आयुष्य मुलांचे चेहरे वाचण्यात गेलेल्या त्या बाईंनी माझाही वाचला असावा.

“पटत नसेल तर वही आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “दर रविवारचं लिहून ठेवायचे, कोण जिंकलं, काय झालं. ते तिन्ही रविवार आहेत तिच्यात. त्या टीव्हीखालच्या खणात. काढू?”

मी नको म्हणालो.

मोठेपणाने म्हणालो असे नाही. मला ती वही पाहायची होती; आज, हे लिहितानाही पाहायची आहे. तिच्यात त्याचे अक्षर असेल. कदाचित वहिनी म्हणतात त्याहून निराळेही काही असेल. पण पुरावा मागायचा तर तो त्याच्याकडे, त्याच्या तोंडावर, तेव्हाच मागायला हवा होता. आता कोणी सांगते आहे आणि ते न तपासता घ्यायचे आहे, एवढेच माझ्या हाती उरले आहे. वहिनींनी पुन्हा विचारले नाही. त्या चहा ठेवायला उठल्या आणि खोलीत मी आणि तो खण एवढेच राहिलो. खण पुरता लागलेला नव्हता. वहीच्या निळ्या पुठ्ठ्याची कड दिसत होती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. आतून कपबश्यांचा आवाज आला, मग थांबला, मग बराच वेळ आलाच नाही. चहाला इतका वेळ लागत नाही, असे मला वाटले, आणि त्याचाही अर्थ मी लावू लागलो होतो. मग तो लावायचे सोडून दिले.